फिलूबाईंचा वाजणारा डबा

आमच्या शाळेतला तांदळाचा डबा वाजतो.

पत्र्याचा, गुडघ्याएवढा उंच, कडी असलेला डबा आहे. सकाळी प्रार्थना संपली की त्याला कंठ फुटतो, तो संध्याकाळी पाचपर्यंत. कधी आतून सनई येते, कधी गणपतीची आरती, कधी नुसतीच घरघर. मी या शाळेत बदलून आले तेव्हा पहिल्याच दिवशी तो एकदम गर्जला आणि माझ्या हातातला खडू पडला. पहिलीतली एक चिमुरडी मला धीर देत म्हणाली, "बाई, भियां नकात. सायबांचो फोन आसा. वाजान वाजान गप रवतलो."

डब्यात तांदूळ नसतात. शाळेतल्या सगळ्या शिक्षकांचे मोबाईल असतात. ही पद्धत सुरू केली आमच्या मुख्याध्यापिकांनी, फिलोमिना रॉड्रिग्ज यांनी. कागदोपत्री एफ. रॉड्रिग्ज, गावात फिलूबाय, आमच्यासाठी फिलूबाई, आणि तालुक्याच्या ऑफिसात त्यांना काय म्हणत ते इथे लिहिता येणार नाही.

शाळा धामापूरच्या अलीकडच्या एका वाडीत. शिक्षक तीन. फिलूबाईंकडे पहिली आणि सगळा कारभार, मी परब बाई दुसरी-तिसरीला, आणि चौथी-पाचवीला लातूरकडचे तरुण केंद्रे सर. केंद्रे सरांना मालवणी समजायला दोन वर्षं लागली, पण डबा पहिल्या दिवशीच समजला. "लई भारी काम केलंय बाईंनी," ते मला म्हणाले, "पण आपल्याला सस्पेंड करतेत की हो."

नियम साधा होता. प्रार्थनेला हात जोडायच्या आधी फोन डब्यात. मधल्या सुट्टीत दहा मिनिटं झाकण उघडायचं, की परत बंद. कुणाच्या घरी काही बरंवाईट झालं तर खिचडी शिजवणाऱ्या शेवंतीमावशींचा नंबर आमच्या घरच्यांकडे दिलेला होता. तेवढा एक फोन मोकळा असे.

आता, आमच्या खात्यात फोन न उचलणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडे माहिती मागतात. कशाचीही. वर्गखोल्यांची, झाडांची, संडासाच्या दारांची, वाडीतल्या न शिकलेल्या म्हाताऱ्यांची. ग्रुपवर अकराला निरोप पडतो आणि बाराला विचारतात, अजून का नाही? गेल्या महिन्यात दिलेलीच माहिती या महिन्यात उभ्या तक्त्याऐवजी आडव्या तक्त्यात मागतात. त्यावर फिलूबाईंचा एकच प्रश्न असे. उतरवून घेतलेला कागद हातात घ्यायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि विचारायच्या, "ह्येच्यात पोर खंय आसा?"

पोर सापडलं तर त्या कामाला जिवाचं रान करायच्या. वाडीतल्या एका मुलीला फळ्यावरचं दिसत नव्हतं, तर तिच्या चष्म्यासाठी त्यांनी तालुक्याला इतक्या खेपा घातल्या की एसटीचे कंडक्टर त्यांना न विचारता तिकीट फाडू लागले. पण कागदात पोर सापडलं नाही, तर तो कागद भिंतीवरच्या खिळ्याला. खिळा शनिवारपर्यंत भरायचा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही तिघं चहा घेऊन बसायचो आणि आठवड्याची सगळी माहिती एका बैठकीत भरून मोकळे व्हायचो. याला बाई माहितीचा बाजार म्हणत. मी सुरुवातीला घाबरून म्हटलं, "बाई, हे तर मंगळवारी तातडीने मागितलं होतं." तर म्हणाल्या, "माहिती म्हणजे बांगडो नाय गो, आज नाय पाठवलो तर उद्या कुसतलो."

गंमत म्हणजे शनिवार येईपर्यंत खिळ्यावरचे बरेच कागद आपोआप मेलेले असत. मंगळवारचं बुधवारी रद्द झालेलं असे, बुधवारचं गुरुवारी सुधारित आलेलं असे. इतर शाळांनी ते तीन तीनदा भरलेलं असे. आम्ही एकदाच भरायचो.

मधल्या सुट्टीत कधी ऑफिसचा फोन बाईंच्या हाती लागला, तर आधी त्या छातीवर क्रूस करून पुटपुटायच्या, "सायबा भोगस." देवा, माफ कर. म्हणजे पुढे जे बोलायचं त्याची माफी आगाऊ मागून ठेवलेली. एकदा पलीकडून शाळेच्या नळांची संख्या विचारली. महिन्यातली दुसरी वेळ होती. बाईंनी क्रूस केला आणि शांतपणे म्हणाल्या, "साहेबानु, गेल्या म्हयन्यात सात होते. आज पण सातच आसत. नळांका पोरां होनत नाय."

त्यांचा दुसरा नियम आम्हाला आधी वेडेपणा वाटला. जेवण झालं की पंधरा मिनिटं आडवं व्हायचं. नकाशांच्या कपाटामागे तीन चटया होत्या. "वायच पाठ टेका," म्हणायच्या, म्हणजे जराशी. मुलं माडाखाली खेळत, मावशी त्यांच्यावर नजर ठेवत, आणि आम्ही तिघं ओळीने पडायचो. कोकणात दुपारची झोप कुणाला चुकलेली नाही, पण सरकारी शाळेत, नोकरीच्या ठिकाणी? मी पहिले आठ दिवस डोळे टक्क उघडे ठेवून पडत असे. बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "नीज गो. बैलाचा पण दुपारचा जोत सोडतत. तू काय बैलापेक्षा हलकी?"

संध्याकाळी पाचला घंटा स्वतः द्यायच्या आणि दाराशी उभ्या राहून म्हणायच्या, "जोत सुटला. घराक जावा." वह्या तपासायला घरी नेताना दिसलो तर पिशवी काढून घेत.

मी हे सगळं ऐकायची, पण मनातून मला राग यायचा. कारण आधीच्या शाळेत, आमच्या नांदगावच्या बाजूला, मी माहितीत पहिली होते. ग्रुपवर सगळ्यांच्या आधी माझी माहिती जायची आणि खाली साहेबांचा अंगठा यायचा. त्या अंगठ्यासाठी मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. एकदा वजाबाकी शिकवता शिकवता मी फोनवर तक्ता भरत बसले. पाच मिनिटं म्हणून बसले आणि तास संपला. मान वर केली तर वर्ग चिडीचूप. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही लिवा. आमी गप बसतो." दुसरीतलं पोर. बाईंना काम असतं आणि तेव्हा आपण नसल्यासारखं बसायचं असतं, हे मी त्यांना न शिकवता शिकवलं होतं. वजाबाकी मात्र राहिली.

हे मी फिलूबाईंना एकदा बोलून दाखवलं. वाटलं, काहीतरी खरमरीत बोलतील. त्या डब्याची कडी लावत, काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुका बरा, तुझ्या पोरान सांगल्यान तरी." आणि उठून गेल्या.

मग ते परिपत्रक आलं.

शिक्षकांवरचा ताण कमी करायचा, असं वरच्यांनी ठरवलं. चांगली गोष्ट. त्यासाठी पंधरा दिवस रोज एक उपक्रम करायचा, रोज त्याचा अहवाल भरायचा, प्रत्येक शिक्षकाने आपल्याला ताण आहे का याची लांबलचक प्रश्नावली त्याच दिवशी तीनच्या आत पाठवायची आणि सोबत ताणमुक्त, हसऱ्या शिक्षकांचा फोटो जोडायचा. फोटोवर वेळ आणि ठिकाण छापून आलं पाहिजे, नाहीतर ग्राह्य धरला जाणार नाही. केंद्रे सरांनी ते वाचून दाखवलं आणि डोकं धरलं.

फिलूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. मला वाटलं, आता खिळा. पण त्या म्हणाल्या, "ह्येच्यात पोर नाय, पण मास्तर तरी आसा. ह्या पाठवया."

त्या दुपारी मी आणि केंद्रे सर चटयांवर पडलो, बाई काही आल्या नाहीत. मी दमलेली होते, डोळा लागला. संध्याकाळी डबा उघडून फोन हातात घेतला तर ग्रुपवर आमच्या शाळेचा फोटो. दोन चटयांवर आम्ही दोघं गाढ झोपलेले, तिसरी चटई रिकामी. केंद्रे सरांचा एक पाय नकाशांच्या कपाटात गेलेला. माझं तोंड उघडं, ते असं की दाढा मोजाव्यात. खाली बाईंचा मजकूर: "ताण कमी झालेले शिक्षक. तिसरी चटई मुख्याध्यापिकेची."

मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. शाळेच्या वेळेत शिक्षक निद्रिस्त आढळले, वारंवार फोन करूनही प्रतिसाद नाही, खुलासा करावा. खुलासा घ्यायला विस्तार अधिकारी स्वतः येणार. नोटिशीखाली ओळ होती की खुलासा समाधानकारक नसल्यास मुख्याध्यापिकेला माहिती संकलनाच्या कामासाठी सेवानिवृत्तीपर्यंत ऑफिसात प्रतिनियुक्तीवर घेण्यात येईल.

ती ओळ वाचून मी दोन दिवसांचा राग विसरले. फिलूबाईंची निवृत्ती मे महिन्यात होती आणि तेव्हा नाताळ यायचा होता. त्यांची एक फुशारकी होती, ती वाडीतल्या प्रत्येक घराला पाठ होती. "पयलीचा पोर माज्याकडे दी, शिमग्याक तां वाचूक लागतला." आणि खरंच, दरवर्षी शिमग्याच्या सुमारास त्यांची पहिली घडाघडा वाचायची. या वर्षी अकरा पोरं होती. शेवटची अकरा. जोडाक्षरं सुरू व्हायची होती, आणि बाईंना उचलून नळ मोजायला बसवायचे बेत चालले होते.

"माका खंय बसवू देत," त्या म्हणाल्या, "पण शिमग्यानंतर." आवाज नेहमीसारखा होता. नोटिशीचा कागद मात्र त्यांनी खिळ्याला लावला नाही, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

साहेब आले ते नेमके तिसऱ्या तासाला. तरुण होते, चेहरा ओढलेला, दोन्ही हातांत दोन फोन. मावशीने वर्गात निरोप दिला. आतून उत्तर आलं, "तास चाललो हा. बसूक सांग." बाहेर खुर्ची नव्हती. साहेब पहिलीच्या वर्गातच मागच्या बुटक्या बाकावर बसले, गुडघे हनुवटीशी. त्यांचे फोन आळीपाळीने वाजत होते आणि प्रत्येक वेळी अकरा पोरं एकदम मागे वळून बघत होती. चौथ्यांदा वाजला तेव्हा एक मुलगी उठून त्यांच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "डब्यात घाला. बाई ओरडतली." साहेबांनी फोन बंद केले.

मधल्या सुट्टीत साहेबांनी फोन पुन्हा चालू केले आणि ऑफिसच्या खोलीत सुनावणी बसली. साहेब प्रमाण मराठीत फार नीट बोलत होते. "मॅडम, आपण ज्येष्ठ आहात. पण शाळेच्या वेळेत झोपणं आणि वर त्याचा फोटो पाठवणं, याचा खुलासा काय देणार?"

बाईंनी क्रूस केला. "सायबा भोगस," म्हणाल्या, आणि पुढे शब्दच नाही. मी त्यांना कधी गप पाहिलं नव्हतं. त्या पहिलीच्या दाराकडे बघत होत्या. अखेर म्हणाल्या, "साहेबानु, शिमग्यापर्यंत थांबशात? मगे तुमी सांगशात थय येतंय." फिलूबाई आर्जव करत होत्या. मला ते सहन झालं नाही.

मी उठले. आयुष्यात साहेबासमोर मी उभी राहिले होते ती फक्त सत्काराला. म्हटलं, "साहेब, फोटोत तोंड उघडं टाकून झोपलेली बाई मी आहे. मी लेखी देते. पण फोटो जरा मोठा करून बघा. ऑफिसनेच सांगितलं होतं, वेळ छापून आली पाहिजे. आली आहे."

साहेबांनी फोटो मोठा केला. त्यात आधी माझ्या दाढा मोठ्या झाल्या, मग कोपऱ्यातले आकडे. एक वाजून एकेचाळीस मिनिटं. फोटोतच मागच्या भिंतीवर वेळापत्रकाची पाटी होती: मधली सुट्टी, दीड ते दोन दहा.

"सुट्टीत माणूस झोपला तर कोणत्या नियमाने चूक, ते लिहून द्या," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. "आणि माहिती आम्ही दर शनिवारी देतो. एकही राहिलेली नाही. मागच्या वर्षाचे सगळे कागद दाखवते. बाईंना नेणार असाल, तर ही अकरा पोरं कोण वाचती करणार, तेही त्याच कागदावर लिहा."

केंद्रे सर दारातून म्हणाले, "कपाटातला पाय माझा हाय, साहेब. माझंबी नाव घ्या."

 साहेबांनी चष्मा काढून खाली ठेवला आणि डोळे चोळले, तेव्हा डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. मग फिलूबाईच पुन्हा फिलूबाई झाल्या. "जेवलात?" त्यांनी विचारलं. साहेब जेवले नव्हते. सकाळपासून तीन शाळा झाल्या होत्या. बाईंनी आपल्या जेवणाच्या डब्यातला भात आणि तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी पानात काही ठेवलं नाही. मग बाईंनी त्यांच्या हातातून दोन्ही फोन काढून घेतले, डब्यात टाकले, कडी लावली आणि तिसरी चटई अंथरली.

"मॅडम, हे बरं दिसणार नाही," साहेब म्हणाले.

"फोटो काडूचंय नाय," बाई म्हणाल्या.

साहेब पंधरा मिनिटं झोपले. थोडे घोरलेही. डब्यात त्यांचे फोन वाजत होते, पण त्यांची झोप काही मोडली नाही. उठल्यावर तोंड धुऊन त्यांनी शेऱ्यात लिहिलं: खुलासा समाधानकारक. तोंडी एवढंच म्हणाले, "फोटो मात्र पाठवू नका." जाताना डब्याशी थांबले. "कल्पना कोणाची?"

"एका पोरीची," बाई म्हणाल्या. "पाच वर्सांची होती."

मला वाटलं, शाळेतली कुणी असेल. पाचला घंटा झाल्यावर मी विचारलं. बाई डब्यावर बसल्या आणि सांगू लागल्या, माझ्याकडे न बघता.

"माझा पोर, लुसी. ता पयलीत होता, माझ्याच वर्गात. तेवा फोन नवे नवे इले होते आणि सायबान माका सांगल्यान, तुमी हुशार, केंद्रातल्या सगळ्या शाळांची माहिती तुमी जमवा. घराक गेल्यावर पण माजो फोन सुटा नाय. लुसी पुस्तक घेऊन येय, मी म्हणी, थांब गो, वायच थांब. एकदा काय केल्यान? फोन घेतल्यान आणि तांदळाच्या डब्यात लपवल्यान. मी सगळा घर शोधलंय. मगे तांदळात वाजलो." त्या थांबल्या. "मारलंय तेका, परब बाई. हातातला पुस्तक पडासर मारलंय."

"लहान होती, बाई. विसरली असेल."

"वाचूक शिकला ता तिसरीत. दुसऱ्या बाईकडे." त्यांनी कडी लावली, काढली, परत लावली. "आता पोर्तुगालात आसा. चांगला नर्स आसा. आयतवारी फोन करता. सात मिंटां. मगे म्हणता, मम्मा, वायच थांब, ड्युटीवरसून फोन येता हा."

 त्यांच्या शेजारी डब्यावर जागा नव्हती, म्हणून मी जमिनीवरच बसले.

शिमग्याला अकराच्या अकरा पोरांनी वाचलं. बाईंनी त्यांना सोंगं घेऊन नाचणाऱ्या खेळ्यांसमोर, देवळाच्या चौकात उभं करून वाचायला लावलं. जोडाक्षराला अडखळणाऱ्या एका पोरीच्या तोंडाकडे बघत त्यांचे स्वतःचे ओठ हलत होते. मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणाला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जोत सुटला." बसल्या.

कारभार माझ्याकडे आला, डबाही. तालुक्याच्या ऑफिसात आता मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि ते ऐकून मला राग येत नाही. परवा नळांचा फोन आला. सातच आहेत, मी सांगितलं.

गेल्या आठवड्यात पाचची घंटा झाल्यावर मी बाईंकडे गेले. मालवणात चर्चच्या मागे एकट्याच राहतात. पडवीत बसल्या होत्या, मांडीवर फोन, आवाज पूर्ण मोठा केलेला. मी हसून म्हटलं, "बाई, डबा नको का आता?" तर म्हणाल्या, "नको गो. काय सांगूचा. वाजलो तर ऐकाक येवक व्हयो." बोलताना सारखी नजर खाली जात होती. लुसीला दोन रविवार ड्युट्या लागल्या होत्या, फोन आला नव्हता. त्यांनी मला भाज्यांचं खतखतं खायला घातलं, पहिलीची नवी पोरं कशी आहेत ते प्रत्येकाच्या नावानिशी विचारलं, आणि अंधार पडायच्या आत हाकलून लावलं.

वळणापर्यंत गेले आणि माझे पाय निघेनात. तिथूनच त्यांना फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला.

"लुसी?"

"नाही बाई. मी. परब."

 मग बाईंचा नेहमीचा आवाज आला, "काय गो, काय विसरलंस?"

"काही नाही," मी म्हटलं. "सहज केला. बोला तुम्ही. मला आज कसली घाई नाही."